सक्तीचे पुण्य

१९३२ सालच्या अमेरिकी निवडणुकीतला एखादा बिल्ला हातात घेतला, तर तो आपल्या जुन्या रुपयाएवढाही भरत नाही. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा पातळ पापुद्रा आणि मागे टाचणी. १८९६ च्या निवडणुकीपासून असे बिल्ले तिकडे रुळले होते. या बिल्ल्यावरचा मजकूर मोजक्या शब्दांचा आहे: अठरावी घटनादुरुस्ती रद्द करा. देशभरची दारूबंदी उठवण्याची हीच मागणी पत्र्याच्या पाट्यांवर छापून लोक त्या मोटारीच्या नंबरप्लेटवर चढवत. एका मोटारीच्या स्टेपनीच्या आवरणावर तर ‘मी काही उंट नाही, मला बिअर हवी’ अशा अर्थाचा टोला होता. उंट हे दारूबंदीवादी प्रोहिबिशन पक्षाचे चिन्ह. मद्याचे दिवस परत आल्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा चेहरा असलेले बिअरचे मगही निघाले. आज या वस्तू संग्राहकांच्या कपाटात असतात आणि पाहणारा त्यांच्याकडे तहानलेल्या लोकांची गंमत म्हणून पाहतो. गंमत त्यांत आहेच. पण एक गंभीर धार्मिक प्रश्नही आहे, आणि तो गमतीखाली झाकला गेला आहे. बंदी उठवा म्हणणाऱ्यांत असेही लोक होते, ज्यांनी आयुष्यात मद्याला स्पर्श केला नव्हता आणि पुढेही करणार नव्हते. दारू वाईट हे त्यांना मान्य होते. तिची बंदीही वाईट, असे त्यांचे म्हणणे होते. ही भूमिका परस्परविरोधी वाटते. माझ्या मते ती त्या काळातली सर्वांत सुसंगत धार्मिक भूमिका होती, कारण व्रताचा मालक व्रत घेणाराच असतो, सरकार नव्हे, हे तिने ओळखले होते.

या बिल्ल्याचा अर्थ लागायचा तर त्याच्या आधीचा बिल्ला पाहावा लागतो. १८३८ साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात फादर थिओबाल्ड मॅथ्यू या धर्मगुरूने दारू सोडण्याची शपथ द्यायला सुरुवात केली. लाखो लोकांनी ती घेतली आणि शपथेची खूण म्हणून छातीवर पदक मिरवले. पुढे १८४९ ते १८५१ या काळात तो अमेरिकेतही फिरला. त्याच्या आधीच, १८४० साली, बाल्टिमोरमधल्या सहा पिणाऱ्यांनी एकमेकांच्या साक्षीने दारू सोडून ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ उभी केली होती. १८७४ साली ओहायो राज्यात क्लीव्हलंडला ‘वुमन्स ख्रिश्चन टेम्परन्स युनियन’ ही स्त्रियांची संघटना स्थापन झाली. पांढऱ्या फितीची गाठ ही तिची खूण. मराठी वाचकाला ही फीत परकी नाही. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना फ्रान्सिस विलर्ड यांच्या या संघटनेशी त्यांचा निकटचा संबंध आला, आणि १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अमेरिकेवरच्या पुस्तकात त्यांनी तिच्या कामाविषयी आदराने लिहिले. पदक काय किंवा फीत काय, दोन्हींचा बोलण्याचा रोख एकच होता: मी पिणार नाही. खूण ज्याच्या छातीवर, बंधनही त्याच्यावरच. तुळशीची माळ घालणारा वारकरी दारू सोडतो तेव्हा तो गावाला दारू सोडायला लावत नाही. स्वतःच्या गळ्यात एक साक्षीदार बांधून घेतो. शपथ मोडण्याची मोकळीक असते म्हणूनच ती पाळण्याला मोल येते.

मग या शपथेचा कायदा का झाला? उत्तर क्रूर आहे: शपथा मोडत होत्या. वॉशिंग्टोनियन चळवळ काही वर्षांत विरून गेली. दारुड्या नवऱ्याच्या बायकोला मताधिकार नव्हता आणि एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच काळात स्वतःच्या मिळकतीवर धड हक्कही नव्हता. नवऱ्याने मजुरी गुत्त्यात उडवली तर तिला दाद मागायला जागा नव्हती. अशा स्त्रियांनी गुत्त्याच्या दारात गुडघे टेकून प्रार्थना केल्या आणि शेवटी कायद्याकडे धाव घेतली, याला आज कोणी नाक मुरडू नये. मेन राज्याने १८५१ मध्येच बंदी आणली होती. १८९३ साली ओहायोतल्याच ओबर्लिन गावी ‘अँटी-सलून लीग’ निघाली. तिने चर्चची व्यासपीठे आणि मतपेटी यांची अशी सांगड घातली की वेन व्हीलर या तिच्या सूत्रधारापुढे भले भले खासदार वचकून असत. १६ जानेवारी १९१९ रोजी अठराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मान्यता मिळाली. तिची अंमलबजावणी ठरवणारा आणि राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी नाकारलेला व्होल्स्टेड कायदा काँग्रेसने त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा मंजूर केला आणि १७ जानेवारी १९२० पासून देशभर बंदी लागू झाली. तिच्या रचनेतली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मद्य बनवणे, विकणे, वाहून नेणे हे गुन्हे ठरले. पिणे गुन्हा ठरले नाही. म्हणजे पिणाऱ्याच्या इच्छेला कायद्याने हात लावला नाही, फक्त तिच्याभोवती कुंपण घातले. माणसाचे मन बदलण्याचे काम अवघड म्हणून ते बाजूला ठेवून त्याचा हात धरण्याचे सोपे काम पत्करले गेले. धर्माच्या दृष्टीने पाहता इथेच मोठी अदलाबदल झाली. ‘मी पिणार नाही’ याची जागा ‘तुला मिळणार नाही’ याने घेतली, आणि दोन्ही वाक्ये एकाच पुण्याच्या खात्यावर जमा धरली गेली.

सरकार पुण्याच्या कारभारात शिरले की ते देव्हाऱ्यापाशी थांबत नाही, याचा पुरावा व्होल्स्टेड कायद्यातच आहे. धार्मिक विधींसाठी लागणाऱ्या वाइनला त्यात सूट होती. कॅथलिक मिस्साला आणि ज्यू कुटुंबांच्या शब्बाथला वाइन लागते, ती बंद करणे शक्य नव्हते. पण सूट दिली की सूट कोणाला, हे ठरवणे आले. ज्यू कुटुंबांना वाइन रब्बीमार्फत मिळे. लगेच असे रब्बी निघाले ज्यांना ना सभागृह ना अनुयायी, आणि अशा सभासदयाद्या निघाल्या ज्यांतली माणसे शोधूनही सापडू नयेत. धर्म आणि राज्य वेगळे ठेवण्याची घटनात्मक शपथ घेतलेल्या सरकारच्या अधिकाऱ्यांवर खरा रब्बी कोण आणि खोटा कोण, हे तपासण्याची वेळ आली. या लाजिरवाण्या प्रकारातून समाजाला सोडवण्यासाठी लुई गिन्झबर्ग या थोर तालमूद-पंडिताने १९२२ साली विस्तृत निर्णय लिहून न आंबवलेला द्राक्षरस विधीला चालतो असे दाखवून दिले. प्रोटेस्टंट बाजूला ही वाट आधीच पडली होती. मेथडिस्ट पंथाच्या डॉ. थॉमस वेल्च या दंतवैद्याने १८६९ मध्ये न्यू जर्सीत द्राक्षरस तापवून न आंबता टिकवण्याची रीत काढली, ती प्रभुभोजनाच्या पेल्यासाठीच. येशूने काना गावच्या लग्नात पाण्याची वाइन केली ही कथा कट्टर बंदीवाद्यांना इतकी अडचणीची वाटे की ती वाइन आंबवलेली नव्हतीच, असा अर्थ त्यांनी लावला. कोणत्याही पंथाने आपला विधी बदलावा, तो त्याचा अधिकार आहे. पण शासनाच्या बंदीला सोयीचे पडावे म्हणून शास्त्र वाचले जाऊ लागले, की धर्माने कायद्याला दिशा दिली असे म्हणता येत नाही. कायद्याने धर्माला वळण लावले असेच म्हणावे लागते.

याहून गंभीर गोष्ट साधनांची. चोरीला शिक्षा किती, याला चोरीच्या मालाचे काहीतरी माप असते. पापाला शिक्षा किती, याला माप नसते. कारण ज्याचा नाश करायचा ते सर्वांत मोठे अरिष्ट आहे असे एकदा ठरले, की कोणतेही साधन जास्त वाटत नाही. उद्योगात लागणाऱ्या अल्कोहोलमध्ये ते कोणी पिऊ नये म्हणून विषारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत बंदीच्या आधीपासून होती. चोरटे धंदेवाले ते शुद्ध करून विकतात हे दिसल्यावर सरकारने १९२६ च्या अखेरीस मिथेनॉलचे प्रमाण वाढवणारी नवी सूत्रे ठरवली. लोक पिणार हे माहीत असताना विष वाढवले गेले, म्हणून न्यू यॉर्कचे मुख्य शववैद्यक चार्ल्स नॉरिस यांनी जाहीरपणे सरकारला धारेवर धरले. व्हीलर यांचे उत्तर असे होते की असे अल्कोहोल पिणारा आत्महत्याच करत असतो, सरकार त्याला पिण्याजोगी दारू पुरवायला बांधलेले नाही. दुबळ्या माणसाला वाचवायला निघालेली चळवळ त्याच्या मरणाचा दोष त्याच्याच माथी मारून मोकळी झाली. १९२९ च्या जोन्स कायद्याने पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षे कैद आणि दहा हजार डॉलर दंड इथवर कमाल शिक्षा नेली. मिशिगन राज्यात त्याच सुमारास दहा मुलांच्या आईला जिनची बाटली विकल्याबद्दल, सराईत गुन्हेगारांसाठीच्या कायद्याखाली, जन्मठेप झाली. पुढे ती कमी करण्यात आली, तरी असा निकाल लागू शकतो हेच पुरेसे होते. आईच्या आणि मुलांच्या नावाने आणलेल्या कायद्याने दहा मुलांची आई तुरुंगात नेली, हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. हेतू पवित्र म्हणून साधनाला हिशेब मागायचा नाही, या वृत्तीचे ते फळ होते.

रद्दीकरणाचे बिल्ले नैतिक झाले ते इथे. पॉलीन सेबिन ही न्यू यॉर्कची रिपब्लिकन पक्षाची प्रतिष्ठित कार्यकर्ती. आपल्या मुलांना दारूविना जग मिळेल या आशेने तिने सुरुवातीला बंदीला पाठिंबा दिला होता. मुलांच्या पिढीला कायद्याचा आणि घटनेचा आदरच उरणार नाही, हे दिसल्यावर तिने १९२९ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा राजीनामा दिला आणि शिकागोत बंदी-सुधारणेसाठी स्त्रियांची संघटना काढली. अमेरिकेतल्या सगळ्या स्त्रिया बंदीच्या बाजूने आहेत हा पांढऱ्या फितीचा दावा तोवर कोणी ठळकपणे खोडला नव्हता. तो या स्त्रियांनी खोडला, आणि तोही घर आणि मुले याच शब्दांत. जून १९३२ मध्ये त्याहून मोठा धक्का बसला. जॉन डी. रॉकफेलर धाकटे हे बाप्टिस्ट पंथाचे कडक अनुयायी, जन्मभर मद्याला न शिवलेले, अँटी-सलून लीगला वर्षानुवर्षे देणग्या देणाऱ्या घराण्यातले. त्यांनी कोलंबिया विद्यापीठाचे अध्यक्ष निकोलस मरे बटलर यांना लिहिलेले पत्र वृत्तपत्रांत छापून आले. पिणे कमी न होता वाढले, गुत्त्यांची जागा चोरट्या अड्ड्यांनी घेतली, कायद्याचा मान ढासळला, म्हणून दुरुस्ती रद्द व्हावी, असे त्यांनी लिहिले. स्वतःचे न पिण्याचे तत्त्व मात्र जसेच्या तसे ठेवले. त्याच महिन्यात डेमोक्रॅटिक पक्षाने शिकागोच्या अधिवेशनात रद्दीकरणाचा ठराव केला. व्रत ठेवून बंदी सोडणे शक्य आहे, दोन्ही एकाच माणसात नांदू शकतात, हे रॉकफेलरांच्या पत्राने जितके स्पष्ट केले तितके कोणत्याही प्रवचनाने केले नसते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. रद्दीकरणाच्या चळवळीला पिअर द्यू पाँ आणि जॉन रास्कॉब यांच्यासारख्या उद्योगपतींचे भांडवल होते. मद्यावर कर बसला तर आपल्यावरचा आयकर उतरेल, असा त्यांचा उघड हिशेब होता. महामंदीत सरकारला महसूल हवा होता आणि मजुरांना रोजगार. मे १९३२ मध्ये न्यू यॉर्कचे महापौर जिमी वॉकर यांनी काढलेल्या बिअर-मिरवणुकीचा सूर कराचाच होता. मग या बिल्ल्यांना सद्सद्विवेकाची भाषा कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. पण हाच निकष दुसऱ्या बाजूलाही लावावा लागेल. बंदीमागे मजूर शिस्तीत राहावेत असे वाटणारे कारखानदार होते, जर्मन वंशाच्या बिअर गाळणाऱ्यांविषयीचा पहिल्या महायुद्धातला द्वेष होता, कॅथलिक स्थलांतरितांविषयीचा आकस होता. १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे बंदीविरोधी कॅथलिक उमेदवार अल स्मिथ यांच्याविरुद्ध मेथडिस्ट बिशप जेम्स कॅनन यांनी प्रचार केला तेव्हा दारू आणि रोम हे दोन विषय वेगळे करणे कठीण झाले होते. दोन्ही बाजूंचे हेतू गढूळ असतील, तर हेतूंवरून प्रश्न सुटत नाही. तो तत्त्वावरच सोडवावा लागतो. आणि ज्याला कराचा लाभ नको होता, ज्याला बिअरही नको होती, त्यानेही बंदी नाकारली याचे स्पष्टीकरण पैशाच्या हिशेबात मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दारू ही पिणाऱ्याची खासगी बाब नाही. तिची किंमत बायको आणि मुले मोजतात. कायदा पुण्यासाठी नव्हता, अपाय थांबवण्यासाठी होता. शिवाय तो अगदीच निष्फळही नव्हता. अर्थतज्ज्ञांच्या अंदाजानुसार सुरुवातीच्या वर्षांत मद्याचा खप पूर्वीच्या सुमारे तीस टक्क्यांवर आला होता, आणि पुढे वाढूनही तो साठ-सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला. ‘बंदीने काहीच झाले नाही’ हे वाक्य सवयीचे असले तरी चुकीचे आहे, आणि माझा युक्तिवाद त्यावर उभा नाही. अपायाला कायद्याने हात घालावा, हे मला मान्यच आहे. थॉमस अक्विनास या तेराव्या शतकातल्या कॅथलिक तत्त्वज्ञाने मानवी कायद्याची मर्यादा जवळपास हीच आखली होती: कायदा अपूर्ण माणसांसाठी असतो, त्याने सगळे दुर्गुण दाबू नयेत, मुख्यतः दुसऱ्याला इजा करणारे घोर दुर्गुण दाबावेत. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मेन राज्याच्या कायद्यावर टीका केली तीही याच रेषेवर. पण मग कायद्याने खरोखर अपायच मोजायला हवा. मारहाणीला शिक्षा, मजुरीवर बायकोचा हक्क, घटस्फोटाची मुभा, दुकानांची संख्या आणि वेळा, बेदरकार वाहन चालवण्याला दंड, हे सगळे अपायाशी सरळ भिडणारे उपाय आहेत. अठरावी दुरुस्ती त्यांच्या जागी आली, आणि शांतपणे जेवताना ग्लासभर वाइन घेणारा इटालियन म्हातारा व बायकोला बडवणारा दारुडा या दोघांना बाटली विकणे तिने सारखाच गुन्हा ठरवले. जिथे अपाय नाही तिथेही तोच कायदा लागतो, तिथे कायद्याचे लक्ष्य अपाय उरलेले नसते.

तिसरा आक्षेप गुलामगिरीचा, आणि तो बंदीवाद्यांनी स्वतः अभिमानाने मांडला. गुलामगिरीही धर्माच्या तळमळीने आणि घटनादुरुस्तीने संपली. तेव्हा मालकाचे हृदयपरिवर्तन होईपर्यंत देश थांबला नाही. प्रत्येक कायद्यात नीती असतेच, मग इथेच नीतीची अडचण का? कारण दोन दुरुस्त्यांची दिशा उलटी आहे. तेराव्या दुरुस्तीने ज्यांच्या इच्छेला मालकाने कुलूप लावले होते त्या माणसांचे कुलूप काढले. अठराव्या दुरुस्तीने एका इच्छेला नवे कुलूप लावले. गुलामाच्या बाबतीत मालकाचे पुण्य हा मुद्दाच नव्हता. मालक मनातून दुष्ट राहिला तरी गुलाम मोकळा झाला आणि कायद्याचे काम पूर्ण झाले. दारूबाबत मात्र चळवळीला हवे होते ते माणसाचे मनच, आणि मन कायद्याच्या हाती लागणारी वस्तू नाही. भीतीने न पिणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असेल. धर्माच्या दृष्टीने तो अजून उंबरठ्याबाहेरच उभा असतो.

चौथा आक्षेप करुणेचा आहे आणि म्हणून उत्तर द्यायला सर्वांत कठीण. व्यसनात बुडालेल्या माणसाची इच्छा मुळात मोकळी असते का? त्याला व्रताचे स्वातंत्र्य देणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे स्वातंत्र्य देणे नव्हे का? इथे इतिहासानेच एक दाखला समोर ठेवला आहे. बंदी उठल्यावर दीड वर्षात, जून १९३५ मध्ये, ओहायोतल्याच अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यवैद्य यांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ जन्माला आली. दोघेही बंदीच्या वर्षांतले अट्टल पिणारे. बंदीने त्यांपैकी कोणालाही सोडवले नाही. त्यांनी शोधलेला मार्ग ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक मंडळाच्या प्रथांतून निघाला आणि आपल्या हातून होत नाही हे स्वतः कबूल करण्यापासून तो सुरू होतो. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. बाहेरच्या वादांवर, दारूबंदीवरही, संघटना मत देत नाही. व्यसनी माणसाची इच्छा दुबळी असते, हे या मंडळींना कोणत्याही बंदीवाद्यापेक्षा जास्त कळत होते. तिला आधार द्यायचा तो तिच्या जागी दुसऱ्याची इच्छा बसवून नव्हे, तिच्या शेजारी दुसरी दुबळी इच्छा उभी करून, हा त्यांचा शोध. वॉशिंग्टोनियन मंडळींची जुनी वाट अशी पुन्हा सापडली, आणि या वेळी ती टिकली.

माझ्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा मात्र युटा राज्याचा आहे. ५ डिसेंबर १९३३ रोजी बंदी उठवणाऱ्या एकविसाव्या दुरुस्तीला छत्तिसावी, म्हणजे पुरेशी ठरणारी, मान्यता दिली ती युटाने; मॉर्मन बहुसंख्य असलेल्या राज्याने. १८३३ पासून मॉर्मन पंथात मद्यत्यागाचा उपदेश आहे. पंथप्रमुख हीबर ग्रँट यांनी अनुयायांना बंदीच्या बाजूने मत द्या असे बजावले होते, तरी मतदारांनी उलट कौल दिला आणि ग्रँट यांना त्याचे फार वाईट वाटले. पण पुढे काय झाले? बंदी गेली आणि मॉर्मन पिऊ लागले, असे झाले नाही. मंदिरात प्रवेश हवा तर मद्यत्याग हवा, ही अट पंथाने आपल्या हाती ठेवली, आणि आजही अमेरिकेत न पिणारे लोक शोधायचे तर तिकडेच जावे लागते. सरकारची बंदी चौदा वर्षांतही जे टिकवू शकली नाही, ते एका समाजाने आपल्या शिस्तीवर टिकवले. स्वेच्छेने धरलेल्या नेमाला पोलिसाची गरज नव्हती.

आपल्याकडे हा वाद परका नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्यातून परवान्याची पद्धत आली आणि प्रकृती राखण्यासाठी मद्य लागते असे नागरिकाकडून कागदावर लिहून घेतले जाऊ लागले. अमेरिकेतही बंदीच्या काळात डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की मिळे. नीतीसाठी आणलेला कायदा दोन्हीकडे माणसाला अधिकृत शिक्क्यासह खोटे बोलायला शिकवतो. याउलट डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा दाखला पाहण्याजोगा आहे. १९५१ साली त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाच्या निवडणूक जाहीरनाम्यात महसूल वाचवण्यासाठी दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती; आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी अनुयायांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती. यात विसंगती शोधणाऱ्याने प्रतिज्ञा कोणत्या तोंडाने उच्चारली जाते हे पाहावे. जाहीरनामा राज्याला सांगतो, प्रतिज्ञा माणूस स्वतःला सांगतो. महाराष्ट्रातल्या गावांत बायकांनी ‘आडव्या बाटली’ला मत देऊन दुकान बंद पाडले, तेही मला सरसकट बंदीपेक्षा वेगळे वाटते. तिथे अल्पमतावर बंधन येते हे खरे, पण ते दुकानावर येते, माणसाच्या हातावर नाही. आणि निर्णय दूरच्या राजधानीचा नसून रोज त्या अपायाला तोंड देणाऱ्यांचा असतो. एकविसाव्या दुरुस्तीनेही राज्यांचा असा अधिकार अबाधित ठेवला होता, म्हणून मिसिसिपी १९६६ पर्यंत कोरडे राहिले.

रद्दीकरणाच्या बिल्ल्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सोडवला, हे शेवटी मान्य करावे लागेल. अठरावी दुरुस्ती काढून टाका, एवढे तो सांगतो. काढल्यावर काय करायचे ते सांगत नाही. रॉकफेलरांनी हे ओळखून मद्यविक्रीचे नियमन कसे असावे याचा अभ्यास करवून घेतला आणि तो १९३३ मध्येच प्रसिद्ध झाला; बहुतेकांनी मात्र बिल्ला काढून खिशात टाकला आणि प्रश्न मिटला असे धरले. बंदी उठली की धर्माची जबाबदारी कमी होत नाही, वाढते. पोलीस होता तोवर मंदिर, चर्च, संघ यांना हात झटकता येत होते. तो गेल्यावर दारुड्याच्या शेजारी बसण्याचे, त्याच्या बायकोला आसरा देण्याचे आणि मुलांच्या डोक्यात दारूचे खोटे वैभव शिरू न देण्याचे काम त्यांच्याकडेच परत येते. ते काम धीम्या गतीचे आहे, त्यात वारंवार अपयश येते आणि त्याची निवडणुकीत घोषणा करता येत नाही. तरीही ते ज्याला टाळायचे आहे, त्याने आपल्या धर्माचे काम सरकारवर ढकलले असे कबूल करावे. धर्म वाढवला असे म्हणू नये.